टिकटिक गप्प करू नका

गेल्या पावसाळ्यात एक पांढरी हॅचबॅक माझ्याकडे आली. तक्रार साधी होती, डिकीत पाणी येतं. रबर तपासायचं म्हणून डाव्या बाजूचं फायबर उघडलं, तर आत टेल लॅम्पच्या हार्नेसला प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून बांधलेला सोनेरी रेझिस्टन्स दिसला. शेजारच्या वायरींचं इन्सुलेशन तपकिरी पडलं होतं. फायबरमागचा फेल्टचा थर करपून पापडासारखा कडक झाला होता. मालकांना म्हटलं, जरा आत बसा आणि डावा इंडिकेटर लावा. त्यांनी लावला. डॅशबोर्डवरचा हिरवा बाण अगदी शिस्तीत उघडझाप करत होता, आवाजही नेहमीचाच. मी मागे उभा होतो. मागचा डावा दिवा ठार बंद.

"काका, आत तर बरोबर लागतोय," ते म्हणाले.

मी त्यांना खाली उतरवून मागे उभं केलं आणि स्वतः आत बसून इंडिकेटर लावला. ते बराच वेळ त्या काळ्या काचेकडे बघत राहिले. आतला एलईडी कधी गेला हे त्यांना सांगता येईना. कसं सांगणार? रोज सकाळी मुलीला शाळेत सोडताना ते एका अरुंद गल्लीत डावीकडे वळतात आणि त्या वळणावर डाव्या बाजूनं स्कूटर घुसतात. आपण इशारा दिलाय अशा समजुतीत ते कित्येक दिवस त्या गल्लीत वळत होते.

हे संपादकीय त्या सोनेरी रेझिस्टन्सबद्दल आहे.

इंडिकेटरला एलईडी टाकले की फास्ट मारतात, मग रेझिस्टन्स लावायचा, हे आपल्याकडे शिकाऊ मुलाला पहिल्या महिन्यातच सांगितलं जातं. मीही अनेकांना सांगितलं आहे. फास्ट मारणं म्हणजे बिघाड, असं आपण धरून चालतो आणि तो बिघाड घालवण्याच्या मागे लागतो. पण ती जलद टिकटिक गाडीनं ड्रायव्हरला धाडलेला निरोप असते: बाहेरचा एक दिवा गेलाय, उतरून बघ. गाडी बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम ठेवलेला आहे. दिवे कसे बसवावेत याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमावलीत तशी अटच आहे. एखादा इंडिकेटर निकामी झाला तर ड्रायव्हरसमोरचा खुणेचा दिवा विझला पाहिजे, किंवा उघडझाप न करता लागून राहिला पाहिजे, किंवा त्याचा वेग ठळकपणे बदलला पाहिजे. आपल्याकडचं एआयएस ००८ हे मानक त्याच धर्तीवर आहे.

हा निरोप तयार कसा होतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे, तरी आकड्यांत मांडतो. पुढे २१ वॉट, मागे २१ वॉट आणि फेंडरवर किंवा आरशात ५ वॉट, असे एका बाजूला ४७ वॉट होतात. १२ व्होल्टला हिशेब केला तर जवळजवळ ४ अँपिअर. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच्या आत हा सगळा प्रवाह एका अगदी बारीक शंट रेझिस्टन्समधून जातो आणि त्याच्या दोन टोकांमधले थोडे मिलिव्होल्ट आतली चिप मोजत बसते. एक मोठा बल्ब गेला की ४७ चे २६ वॉट होतात, प्रवाह सव्वादोन अँपिअरवर येतो, मिलिव्होल्ट ठरलेल्या पातळीखाली जातात आणि चिप वेग दुप्पट करते. जुन्या पत्र्याच्या डबीतले, द्विधातूच्या पट्टीवर चालणारे फ्लॅशर ज्यांनी हाताळले आहेत त्यांना आठवत असेल, तिथे उलटं व्हायचं. बल्ब गेला की पट्टी पुरेशी तापत नसे आणि टिकटिक मंदावायची, नाहीतर दिवा नुसताच लागून राहायचा. पद्धत वेगळी, निरोप तोच.

आता तिन्ही जागी एलईडी टाका. प्रत्येकी दोन-तीन वॉट धरले तरी सगळे मिळून एका जुन्या बल्बाच्या अर्ध्याइतकेही होत नाहीत. फ्लॅशरच्या दृष्टीनं त्या बाजूचे सगळे दिवे गेलेले असतात आणि तो प्रामाणिकपणे तसं सांगतो. आपण काय करतो? बल्बाला समांतर ६ ओहमचा रेझिस्टन्स जोडतो. फ्लॅशरला त्याचे २१ वॉट मिळतात, टिकटिक पूर्ववत होते, गिऱ्हाईक खूश होतं. पण त्या घडीपासून फ्लॅशर दिवा मोजत नाही, रेझिस्टन्स मोजतो. एलईडी जळो, होल्डरमधून निसटो, कोणी मागून ठोकून अख्खा दिवा फोडो, रेझिस्टन्स प्रवाह ओढत राहतो आणि आत हिरवा बाण सांगत राहतो की सगळं ठीक आहे. पांढऱ्या हॅचबॅकमध्ये हेच झालं होतं. तिथे इंडिकेटर गेला होता याहून गंभीर गोष्ट ही, की तो गेल्याचं कळण्याची सोयच आपल्यासारख्या कुणीतरी काढून टाकली होती, आणि मालकांना त्याचा पत्ता नव्हता.

उष्णतेचा मुद्दा वेगळा, आणि तोही लहान नाही. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर ६ ओहममधून २.३ अँपिअर जातात, म्हणजे सुमारे ३२ वॉट. उघडझापेत निम्मा वेळ बंद, म्हणून सरासरी १६ वॉट. तुमच्या टेबलावरची २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न डोळ्यांपुढे आणा. तिच्या दोन तृतीयांश उष्णता फायबरच्या मागे, हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात, वायरींना चिकटून. रेझिस्टन्सवर ५० वॉट लिहिलेलं असतं हे खरं, पण तो आकडा जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर घट्ट बसवलेल्या रेझिस्टन्सचा असतो. हार्नेसला लटकवलेल्याची क्षमता त्याच्या कितीतरी खाली येते. शहरात वळणापुरता दहा-पंधरा सेकंद इंडिकेटर लागतो तेव्हा काही होत नाही. पण पावसाळ्यात आंबा घाटात किंवा माळशेजला धुक्यात लोक हॅझार्ड लावून अर्धा अर्धा तास गाडी चालवतात. चालत्या गाडीत तो लावू नये हे आपण सांगतच असतो, तरी लावतात. तेव्हा चारही कोपऱ्यांतले रेझिस्टन्स मिळून साठच्या वर वॉट ओततात. मग फायबर मऊ पडतं आणि फेल्ट करपतं.

शिवाय वीज कुठे वाचली? एलईडी टाकायचं कारण म्हणून गिऱ्हाईक जे सांगतं त्यात बॅटरीवरचा भार हे एक असतंच. समजा दिवसभरात दहा मिनिटं इंडिकेटर लागला. ४७ वॉट, निम्मा वेळ चालू, म्हणजे ४ वॉट-तासांपेक्षा कमी. साध्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४२० वॉट-तास असतात. शंभरातला एक भाग. तोही रेझिस्टन्स लावला की परत गेला.

बाजारात "कॅनबस" नावानं जे बल्ब येतात त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो, की कॅन ही गाडीतल्या कंट्रोलरांनी आपसात बोलायची लाइन आहे, ती बल्बाच्या होल्डरपर्यंत येत नाही. या बल्बांत बहुधा तोच रेझिस्टन्स लहान करून पोटात घातलेला असतो. बाहेर टांगलेला रेझिस्टन्स निदान वायर जाळतो, आतला एलईडीलाच भाजतो.

मग फ्लॅशर बदलायचा का? जिथे वेगळा फ्लॅशर आहे तिथे मला तो मार्ग जास्त पटतो. तीन पिनांचा, स्वतःचा अर्थ घेणारा, भार कितीही असला तरी ठरल्या वेगानं चालणारा एलईडी फ्लॅशर मिळतो. ४९, ४९ए आणि ३१ हे टर्मिनल नीट बघून बसवा. दोन कंपन्यांत पिनांची जागा वेगळी असू शकते आणि पीन जुळली म्हणजे क्रम जुळला असं नाही. यात उष्णता नाही, वायर कापणं नाही, उद्या जुने बल्ब परत टाकायचे झाले तर काही उसवावं लागत नाही. पण हेही लक्षात ठेवा, की ठरल्या वेगानं चालणारा फ्लॅशर दिवा गेल्याचं सांगत नाही. निरोप इथेही बंदच होतो. मी हा मार्ग बरा म्हणतो तो आग लागत नाही म्हणून.

दुचाकीवाल्या बांधवांसाठी एक वळसा घेतो, कारण त्यांचे फोन सर्वांत जास्त येतात. "एलईडी टाकले आणि कुठलीही बाजू लावली की चारही इंडिकेटर एकदम मारतात." ज्या गाड्यांच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच खुणेचा दिवा आहे, त्यांत हे होतं. तो बल्ब डाव्या आणि उजव्या लाइनीच्या मध्ये जोडलेला असतो आणि त्याला वेगळा अर्थ नसतो. डावा लावला की त्याला अर्थ मिळतो तो उजव्या बाजूच्या १० वॉटच्या दोन बल्बांतून. त्यांच्या तारा गार असल्यानं तेवढ्या प्रवाहात लागत नाहीत. एलईडीला मात्र तेवढा प्रवाह पुरतो आणि उजवी बाजूही लागते. फ्लॅशर कितीही बदला, हे थांबत नाही. खुणेच्या दिव्याच्या दोन वायरी सोडवा, प्रत्येकीत एक डायोड घाला, १एन४००७ पुरतो, पट्टीचं टोक दिव्याकडे. दोन्ही पट्ट्या एकत्र करून दिव्याच्या एका टोकाला द्या आणि दुसऱ्या टोकाला सरळ अर्थ द्या. वीस मिनिटांचं काम आहे. या कामासाठी अख्खं हार्नेस बदलायला सांगितलेली गाडी मी पाहिली आहे.

नव्या चारचाकींत फ्लॅशर शोधून सापडत नाही. टिकटिक मीटरमधल्या छोट्या स्पीकरमधून येते आणि प्रवाह मोजायचं काम बीसीएम, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, करतो. दिवा बंद असतानाही तो बारीक झटके धाडून तार शाबूत आहे का ते तपासतो, म्हणून एलईडी टाकल्यावर बंद गाडीत मिणमिणतो. काही गाड्यांत कोडिंगनं त्या जागी "एलईडी" निवडता येतं. पण ती सोय मूळ कंपनीच्या एलईडी दिव्यासाठी असते, त्या दिव्याचा भार तिला माहीत असतो. बाजारातल्या बल्बाचा भार तिच्या खिडकीत बसेल याची खात्री नाही.

हे सगळं वाचून मी एलईडीच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. ब्रेक लाइटचंच बघा. तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, एलईडी हजाराव्या भागाच्या आत उजळतो. ताशी १०० किलोमीटरला मागच्या गाडीला साडेपाच मीटर जास्त मिळतात. ही जीव वाचवणारी गोष्ट आहे आणि एलईडीशिवाय ती मिळत नाही. कारखान्यातून एलईडी घेऊन आलेला दिवा उघडून बघा म्हणजे फरक कळेल. चकती ॲल्युमिनियमवर बसवलेली, प्रत्येक एलईडीपुढे त्याच्यासाठी घडवलेली भिंगं, आणि चांगल्या दिव्यांच्या ड्रायव्हर सर्किटमध्ये अशी योजना, की माळेतला एक एलईडी गेला तर सर्किट आख्खा दिवा बंद करतं आणि बीसीएमला लाइन तुटल्यासारखी दिसते. म्हणजे त्यांनी तो निरोप जपण्यासाठी खास मेहनत घेतली आहे. आपण तो तीस-चाळीस सेकंदांत दोन क्लिपा दाबून पुसतो.

उजेडाचंही तसंच. २१ वॉटच्या बल्बात तार बुडापासून नेमक्या अंतरावर असते, ३१.८ मिलिमीटरवर, आणि रिफ्लेक्टरचा केंद्रबिंदू तिथेच धरलेला असतो. कणसासारख्या एलईडीत उजेड दंडगोलाच्या पृष्ठभागावरून निघतो, केंद्रातून नाही. समोरून बघितलं तर डोळे दिपतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय पडलाय! पण इंडिकेटर नुसता समोरून बघायचा दिवा नाही. तो बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिसला पाहिजे. सरळ अक्षावर पुढच्याला किमान १७५ कँडेला आणि मागच्याला ५० लागतात, पण तिरक्या कोनांनाही आपापले किमान आकडे आहेत. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयच्या प्रयोगशाळेत दिवा फिरत्या मंचावर बसवून कोनाकोनानं मोजतात. आपल्याकडे तो मंच नाही, म्हणून मी एवढं तरी करायला सांगतो: भर दुपारी गाडी उन्हात लावा, एका बाजूला जुना बल्ब, दुसऱ्या बाजूला एलईडी, आणि मागच्या चाकाच्या रेषेत, जिथे स्कूटरवाल्याचं डोकं असतं तिथे जाऊन बघा. माझं मत या एका प्रयोगानं बदललं.

दुपारी असं मुद्दाम म्हणतो. अंबर एलईडी ज्या अर्धवाहकाचा बनतो, ॲल्युमिनियम-इंडियम-गॅलियम-फॉस्फाइडचा, तो उष्णतेला पांढऱ्या एलईडीपेक्षा खूप जास्त भितो. खोक्यावर लिहिलेले ल्युमेन बहुधा २५ अंशांचे असतात. आतला तुकडा १०० अंशांच्या आसपास गेला की उजेड निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. आता नागपूर-चंद्रपूरची मे महिन्यातली दुपार घ्या. दिवसभर उन्हात उभी गाडी, बंद दिव्यातली कोंडलेली हवा, त्यात पोटात रेझिस्टन्स असलेला बल्ब. बाहेर ऊन सर्वांत लख्ख, म्हणजे इंडिकेटर सर्वांत उजळ हवा, आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत मंद. तारेच्या बल्बाला या उन्हाचं काहीच वाटत नाही, तो मुळात अडीच हजार अंशांवर जळत असतो.

म्हणून कोणी पांढरा एलईडी अंबर काचेमागे टाकतो. पांढऱ्या एलईडीत मूळ प्रकाश निळा, त्यावर पिवळा लेप. अंबर काच निळा सगळा गाळते, लाल भाग आधीच कमी, आणि बाहेर येतो तो फिकट पिवळा. काच अंबर असेल तर एलईडीही अंबरच हवा. काच पारदर्शक असेल तर तो अंबर हवा यात प्रश्नच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०२ क्रमांकाचा नियम स्पष्ट आहे: रंग अंबर आणि मिनिटाला ६० ते १२० उघडझापा.

इथे कानशीचा विषय काढतो, कारण तो आपल्याच हातचा आहे. अंबर काचेच्या पीवाय २१ डब्ल्यू बल्बाच्या दोन पिना समोरासमोर नसतात, १५० अंशांवर असतात. साध्या पी २१ डब्ल्यूच्या १८० अंशांवर. हा फरक एवढ्यासाठीच आहे, की पारदर्शक दिव्यात कोणी पांढरा बल्ब घालू नये. आणि आपल्यातले काही जण पीन कानशीनं घासून तो बसवतात, कारण अंबर बल्ब त्या दिवशी दुकानात नव्हता. कृपा करून हे थांबवा. मागे पांढरा इंडिकेटर मारणारी गाडी रात्री रिव्हर्स येतेय असं वाटून मागचा माणूस गडबडतो.

कायद्याबद्दल थोडकं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि केरळातल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेला निकाल, दोन्हींचा रोख मूळ उत्पादकाच्या नमुन्यापासून दूर नेणाऱ्या बदलांवर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, गाडीच्या मालकाला होऊ शकतं. दिव्याला मंजुरी मिळते ती ठरावीक बल्बासकट. गिऱ्हाइकाला हे आधी सांगणं आपलं काम आहे, नंतर चौकात कळणं बरं नव्हे.

आणि एक गोष्ट, जी माझ्या मते या सगळ्याच्या आधी यायला हवी होती. "फास्ट मारतोय" म्हणून गाडी येते तेव्हा बल्ब शाबूत असूनही प्रवाह कमी असू शकतो. होल्डरच्या तळाला हिरवट बुरशी, थिंबलखाली गंज, टेल लॅम्पच्या अर्थला ढिला बोल्ट. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत हे वर्षभर चालतं. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, दिवा लागलेला असताना होल्डरचा अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर बल्बाला हात लावू नका, अर्थ साफ करा. कोणी एलईडी टाकून हा दोष झाकला, की पुढच्या पावसात तोच ब्रेक लाइटला धरतो.

माझ्या बाकावर मी गेल्या पावसाळ्यापासून काही ठरवलं आहे, ते तुमच्यापुढे ठेवतो. इंडिकेटरला समांतर रेझिस्टन्स मी लावत नाही. गिऱ्हाईक हट्ट धरतं, तेव्हा "साहेब, यानंतर दिवा गेला तर गाडी सांगणार नाही" हे तोंडानं सांगतो. फ्लॅशर बदलून एलईडी बसवले तर बिलावर तसं लिहितो, म्हणजे पुढच्या मेकॅनिकलाही कळतं. आणि कुठल्याही कामाची गाडी बाहेर काढताना मालकाला आत बसवून डावा, उजवा, हॅझार्ड, ब्रेक लावायला लावतो आणि मी मागे उभा राहतो. वेळ जातो, गर्दीच्या दिवशी जास्तच जातो.

त्या पांढऱ्या हॅचबॅकच्या मालकांनी एलईडी परत नको म्हटलं. चारही कोपऱ्यांतले रेझिस्टन्स काढले, करपलेल्या वायरींचा तुकडा बदलून सोल्डर करून स्लीव्ह चढवली, चार पीवाय २१ डब्ल्यू बसवले. मग मी मागच्या डाव्या होल्डरमधला बल्ब पुन्हा उपसला आणि त्यांना इंडिकेटर लावायला सांगितला. आत टिकटिक धावायला लागली. "हे असं वाजलं की उतरून बघायचं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, मुलीलाही बोलावून ऐकवलं. मग मी बल्ब परत बसवला.